गोलरेषेपलीकडचा पट्टा

इ. स. १८७१ च्या मार्च महिन्याच्या २७ तारखेस एडिंबरो शहरीं, रेबर्न प्लेस नांवाच्या मैदानावर, इंग्लंड व स्कॉटलंड या दोन देशांमधील रग्बीचा पहिला सामना झाला. प्रत्येक बाजूस वीस वीस गडी होते. खेळ ऐन रंगांत आला असतां स्कॉटलंडच्या गड्यांचा एक घोळका चेंडूसकट इंग्लंडच्या गोलरेषेपलीकडे लोटत गेला, आणि त्यांतील ब्युकॅनन नांवाच्या गड्यानें चेंडू जमिनीस टेकविला. इंग्रज गड्यांनीं एकच गिल्ला केला. हें न्यायाला धरून नाहीं असें त्यांचें म्हणणें पडलें. पंचाच्या जागीं लोरेटो येथील शाळेचे हेडमास्तर आमंड हे होते. त्यांनीं स्कॉटलंडच्या बाजूनें निकाल दिला, पाठोपाठ क्रॉस या गड्यानें किक मारून गोल केला, आणि सामना स्कॉटलंडनें जिंकला. कित्येक वर्षांनीं आमंड यांनीं लिहून ठेविलें कीं, तो निर्णय बरोबर होता किंवा कसें याविषयीं त्यांची स्वतःचीच खात्री नव्हती. परंतु पंचाला संशय पडला म्हणजे जी बाजू अधिक आरडाओरड करीत असेल तिच्या विरुद्ध निकाल द्यावा, कारण बहुधा चूक तिचीच असते. वर्गांतील भांडणें मिटविण्यांत ज्याची हयात गेली त्याच्या तोंडीं शोभावा असाच हा न्याय आहे.

त्याच सामन्यांत इंग्लंडच्या बर्केट नांवाच्या गड्यानेंहि चेंडू स्कॉटलंडच्या रेषेपलीकडे नेऊन टेकविला होता. आजच्या हिशेबानें त्याचे पांच गुण झाले असते. त्या दिवशीं मात्र त्याचें मोल कांहींच झालें नाहीं. कारण त्यानंतरची किक चुकली, आणि निकाल लागावयाचा तो केवळ गोलांच्या संख्येवर. रेषेपलीकडे चेंडू टेकविणें म्हणजे जिंकणें नव्हे, तर गोलाकडे एक किक मारून पाहण्याची परवानगी मिळविणें, अशी त्या काळची समजूत होती. म्हणूनच त्या कृतीस ‘ट्राय’, म्हणजे प्रयत्न, असें नांव पडलें. आणि पुढें तीच कृति खेळांतील सर्वांत मोलाची होऊन बसली तरी नांव तेंच राहिलें.

आपल्याकडील हुतूतूंत चढाई करणाऱ्या गड्याचा दम न तुटतां त्याचा हात मध्यरेषेला लागला कीं वाद मिटतो. रग्बीची गोलरेषा इतकी सरळ नाहीं. रेषेवर उंच अशा दोन खांबांना आडवी दांडी बांधलेली असते, आणि चेंडू त्या दांडीवरून गेला म्हणजे गोल होतो, हें तर वेगळेंच; पण या रेषेमागें मैदान संपतहि नाहीं. तेथें आणखी एक पट्टा असतो, आजच्या नियमांप्रमाणें फार तर २२ मीटर खोलीचा. नेहमींच्या फुटबॉलमध्यें चेंडू गोलरेषेपार गेला कीं खेळ थांबतो. रग्बींत तो तेथें खऱ्या अर्थानें पेट घेतो. इंग्रजींत या पट्ट्यास ‘इन-गोल’ म्हणतात. येथें चेंडू टेकविण्याचा अधिकार दोन्ही बाजूंना आहे. चढाई करणाऱ्यानें टेकविला तर ट्राय. बचाव करणाऱ्यानें टेकविला तर संकट टळलें आणि चेंडू ‘मेला’. मग मेलेला चेंडू पुन्हां जिवंत कोणी करावयाचा, कोठून करावयाचा, व कोणत्या रीतीनें? वरवर पाहतां हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु जवळजवळ एकशें ऐंशी वर्षें या खेळाचे नियमकर्ते त्याशीं झगडत आले आहेत. कारण संकटांत सांपडलेल्या गड्याला स्वतःच्या घरांत आसरा असावा कीं नाहीं, आणि असला तर त्याबद्दल त्यानें किंमत किती मोजावी, हा खरा प्रश्न त्याखालीं दडलेला आहे.

या खेळाचा जन्म इंग्लंडांतील रग्बी या गांवच्या शाळेंत झाला. विल्यम वेब एलिस नांवाच्या मुलानें १८२३ सालीं चेंडू हातांत धरून धूम ठोकली व तेथून हा खेळ निघाला, ही कथा सर्वतोमुखीं आहे. पण ती प्रथम छापून आली १८७६ सालीं, म्हणजे एलिस वारल्यानंतर चार वर्षांनीं, आणि तिला त्या काळचा पुरावा कांहींच नाहीं. त्यापेक्षां १८३४ सालीं या शाळेंत दाखल झालेल्या थॉमस ह्यूज याची साक्ष अधिक मोलाची. त्याची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही कादंबरी १८५७ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील नायक टॉम शाळेंत येतो त्याच दिवशीं सामना चालू असतो. चेंडू त्याच्या बाजूच्या गोलामागें घरंगळत जातो, प्रतिपक्षाचे दांडगे विद्यार्थी त्यावर तुटून पडण्याच्या बेतांत असतात, आणि टॉम व वरच्या वर्गाचा एक विद्यार्थी त्या लोंढ्याच्या पायांखालीं स्वतःला चेंडूवर झोकून देतात. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, नव्या मुलाचा पहिला पराक्रम म्हणून लेखकानें गोल केलेला दाखविला नाहीं, तर आपल्या रेषेमागें चेंडू झांकून संकट टाळलेलें दाखविलें. त्या पट्ट्यांतला बचाव हा त्या मुलांच्या दृष्टीनें मानाचा होता.

शाळेंतील हे नियम बरीच वर्षें तोंडींच चालत. २८ ऑगस्ट १८४५ रोजीं ते प्रथम लेखी झाले, आणि ते लिहिले मास्तरांनीं नव्हे, तर तिघां विद्यार्थ्यांनीं. त्या तिघांपैकीं एक विल्यम डेलाफील्ड आर्नोल्ड. वय अवघें सतरा वर्षांचें. शाळेचे कीर्तिमान् हेडमास्तर डॉ. टॉमस आर्नोल्ड यांचा हा मुलगा व कवि मॅथ्यू आर्नोल्ड यांचा धाकटा भाऊ. पुढें तो लष्करांतून हिंदुस्थानांत आला, पंजाब प्रांताच्या शिक्षणखात्याचा पहिला डायरेक्टर झाला, आणि १८५९ सालीं मायदेशीं परत जात असतां जिब्राल्टर येथें वारला. पंजाबांतल्या खेड्यापाड्यांतून शाळा काढण्याची व्यवस्था ज्यानें पाहिली, त्याच्याच हाताची रग्बीच्या पहिल्या नियमांवरहि मोहोर आहे, ही गोष्ट हिंदुस्थानांतील शिक्षणाच्या इतिहासांत सहसा कोणी सांगत नाहीं.

त्या मुलांचे नियम आज वाचतांना हंसूं येतें. पांच दिवस खेळूनहि निकाल न लागल्यास सामना बरोबरीचा समजावा, आणि एकहि गोल झाला नसेल तर तिसऱ्याच दिवशीं आटोपावा, असा एक नियम त्यांत आहे. परंतु चेंडू पुन्हां खेळांत आणण्याविषयीं त्यांनीं जें ठरविलें त्यांत पोरकटपणा नाहीं. मध्यावरची पहिली किक चेंडू जमिनीवर ठेवून मारावी. स्वतःच्या गोलामागून चेंडू बाहेर काढतांना तो जमिनीवर ठेवून मारावयाचा असेल तर गोलापासून १० वारांपेक्षां पुढें येऊं नये, व हातांतून सोडून मारावयाचा असेल तर २५ वारांपेक्षां पुढें येऊं नये. म्हणजे ज्याच्या घरांत चेंडू मेला त्यालाच तो परत मिळे, आणि वर पंचवीस वारांची मोकळी जागाहि मिळे. हे २५ वार पुढें इतके रूढ झाले कीं मैदानावर त्यांची रेघच पडली. १९७० नंतरच्या दशकांत मापें मीटरांत आलीं तेव्हां तिची ‘बावीस मीटरांची रेघ’ झाली. पंचवीस वार म्हणजे बावीस मीटरांहून थोडे अधिकच. आज जगभर जी रेघ आंखली जाते तिचें अंतर मुळांत त्या शाळकरी मुलांनीं ठरविलेलें आहे.

२६ जानेवारी १८७१ रोजीं लंडनमध्यें एकवीस क्लबांनीं मिळून रग्बी फुटबॉल युनियन स्थापन केली. या वेळीं नियम लिहिण्याचें काम तिघां वकिलांकडे आलें. तिघेहि रग्बी शाळेचेच माजी विद्यार्थी. एकूण ५९ कलमें झालीं. त्यांत गोलामागच्या पट्ट्यांतील झोंबाझोंबीविषयीं एक मोठें नमुनेदार कलम आहे. चेंडू धरून एखादा गडी रेषेपलीकडे गेला व तेथें दोन्ही बाजूंची त्यावर झोंबी सुरू झाली, तर रेषा ओलांडतेवेळीं ज्यांचे हात प्रत्यक्ष चेंडूला लागलेले असतील तेवढ्यांनींच ती चालू ठेवावी. एकदां हात सुटला कीं पुन्हां त्यांत शिरूं नये. शिरल्यास प्रतिपक्षानें त्यास ओढून बाहेर काढावें. बाकीचे सारे गडी भोंवतीं उभे राहून पाहणार, आणि चेंडूवर घट्ट बसलेले चार-सहा हात एकेक करून सुटत जाणार! वकिलांच्या बुद्धीचें हें खरें फळ. हक्क कोणाचा, तर ज्याचा ताबा सुटला नाहीं त्याचा.

याच नियमांत गोलामागून मारावयाची किक ‘ड्रॉप-किक’च असली पाहिजे, असें ठरलें. चेंडू हातांतून खालीं सोडावयाचा, आणि त्याचा टप्पा पडून तो उसळतांच पाय मारावयाचा, ही ती रीत. रग्बीचा चेंडू अंडाकृति. त्याचा टप्पा कोठें उडेल याचा भरंवसा नसतो. आसरा मिळाला खरा, पण त्यांतून बाहेर पडतांना थोडी परीक्षाहि द्यावी लागे. ड्रॉप-किकची ही अट आजतागायत टिकली आहे.

मात्र या सगळ्यांत चढाई करणाऱ्यांचें नुकसान होतें हें लवकरच दिसून आलें. दिवसभर प्रतिपक्षाला त्याच्या रेषेमागें कोंडून ठेवावें, तीन तीन वेळां चेंडू टेकवावा, आणि किक मारणाऱ्याचा पाय त्या दिवशीं बिघडला म्हणून सगळें व्यर्थ जावें, हें कोणास पटणार? १८७५ सालीं गोलांची बरोबरी झाल्यास ट्रायांच्या संख्येवर निकाल द्यावा असें ठरलें. १८८६ पासून इंग्लंडांत गुणांची पद्धति आली व ट्रायला एक गुण मिळाला. १८९१ सालीं दोन झाले, १८९३ सालीं तीन. या शेवटच्या बदलाचें महत्त्व अधिक. कारण त्याच वेळीं ट्रायनंतरच्या किकचे गुण तिनांवरून दोनांवर आले. ज्या किकसाठीं ट्राय करावयाचा, ती किक ट्रायपेक्षां स्वस्त झाली. साधन साध्याच्या वर चढून बसलें. पुढें १९७१ सालीं ट्रायचे चार गुण झाले, आणि १९९२ सालीं पांच.

या संक्रमणाच्या आरंभींचा एक सामना हिंदुस्थानाशीं जोडलेला आहे. कलकत्त्याच्या फुटबॉल क्लबांतील गोऱ्या लोकांचा उत्साह ओसरल्यावर त्यांनीं क्लब मोडला, बँकेंतील शिलकेचे २७० चांदीचे रुपये काढून ते आटविले, त्यांचा एक पेला घडविला, व १८७८ सालीं तो इंग्लंडच्या युनियनला नजर केला. नागांच्या आकाराच्या मुठी व झांकणावर हत्ती असलेला हा कलकत्ता कप घेण्यासाठीं इंग्लंड व स्कॉटलंड आजहि झगडतात. १८७९ सालचा त्याचा पहिला सामना बरोबरींत सुटला. इंग्लंडचा गोल ट्रायनंतरच्या किकवर झालेला, स्कॉटलंडचा भर खेळांत मारलेल्या ड्रॉप-किकवर. पण गोल तो गोल, मग तो रेषेपलीकडे जाऊन मिळविलेला असो वा अलीकडूनच मारलेला. आजचें गणित लावलें तर तो सामना इंग्लंडनें सात विरुद्ध तीन असा जिंकला असता.

ट्रायची किंमत वाढली तशी रेषेवरची भांडणेंहि वाढलीं. त्यांतलें सर्वांत गाजलेलें १६ डिसेंबर १९०५ चें. न्यूझीलंडचा संघ ब्रिटनचा दौरा करीत होता, आणि कार्डिफच्या मैदानावर वेल्सशीं त्याची गांठ पडली. वेल्सच्या मॉर्गननें पूर्वार्धांत ट्राय करून तीन गुण मिळविले होते. उत्तरार्धांत न्यूझीलंडचा बॉब डीन्स हा तरुण चेंडू घेऊन रेषेकडे धांवला व वेल्सच्या गड्यांनीं त्यास पाडलें. तो रेषेच्या आंत पडला कीं बाहेर? डॅलस हा स्कॉटिश पंच मागें राहिला होता. तो येऊन पोंचला तेव्हां चेंडू रेषेच्या अलीकडे होता, म्हणून त्यानें ट्राय नाकारला. आपण रेषेपलीकडे चेंडू टेकविला होता व नंतर आपणांस मागें ओढलें, असें डीन्सचें म्हणणें. तशी तारच त्यानें ‘डेली मेल’ या वृत्तपत्रास केली. सामना ३-० असा वेल्सनें जिंकला. त्या दौऱ्यांत न्यूझीलंडनें ३५ सामने खेळले व हरला तो हा एकच. डीन्स १९०८ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं वारला. सहा इंचांचा वाद. पण न्यूझीलंड व वेल्स या दोन देशांत तो आजहि विझलेला नाहीं.

येथें नियमांतील एक बारकावा सांगितला पाहिजे. गोलरेषा ही स्वतः गोलामागच्या पट्ट्याचाच भाग समजली जाते. म्हणून चेंडू नुसता रेषेच्या चुन्याला टेकला तरी ट्राय होतो. उलट पट्ट्याच्या मागची रेषा, जिला मृत चेंडूची रेषा म्हणतात, ती मैदानाबाहेरची. तिला चेंडू लागला कीं मेला. पुढची रेषा आंत घेते, मागची बाहेर टाकते. इतकेंच नव्हे, तर गोलाच्या खांबाला अगर त्याच्या बुडाशीं बांधलेल्या गादीला चेंडू टेकविला तरी ट्राय मिळे. गाद्या जसजशा फुगत गेल्या तसतसें बचाव करणाऱ्यांना तेथें उभें राहून अडविणें अशक्य झालें, आणि २०२० सालीं ही सवलत रद्द झाली.

आतां मूळ प्रश्न. मुलांच्या नियमांत घरांत चेंडू मेला कीं तो घरधन्याला परत मिळे. तो तेथें आला कसा, हें कोणी विचारीत नसे. त्यामुळें दमलेल्या बाजूस एक सोपी युक्ति सुचली: चेंडू स्वतःच मागें न्यावा, आपल्या रेषेमागें टेकवावा, आणि पंचवीस वार पुढें येऊन निर्धास्तपणें किक मारावी. हा आसरा नव्हे, पळवाट झाली. म्हणून पुढच्या नियमांनीं टेकविणाऱ्याच्याहि आधीं, चेंडू रेषेपलीकडे आणणारा कोण, हें विचारावयास आरंभ केला. चढाई करणाऱ्यांच्या किकनें चेंडू आंत आला व बचाव करणाऱ्यांनीं तो टेकविला, तर बावीस मीटरांवरून ड्रॉप-किक. पण बचाव करणाऱ्यांनींच तो आंत नेऊन मारला, तर रेषेपासून पांच मीटरांवर स्क्रम, व तींत चेंडू घालण्याचा मान चढाई करणाऱ्यांचा. स्क्रम म्हणजे दोन्ही बाजूंच्या आठ आठ बलदंड गड्यांनीं खांदे भिडवून चेंडूसाठीं केलेली रेटारेटी. ती पांच मीटरांवर म्हणजे दाराच्या उंबऱ्यावरच. घर वांचविण्याची किंमत अशी चुकती करावी लागे. मैदानावरच्या साऱ्या नियमांत इतका समंजस दुसरा क्वचितच सांपडेल. कारण तो कृतीबरोबर कर्त्यालाहि पाहतो.

गुण झाल्यानंतर खेळ पुन्हां सुरू करण्याचा प्रश्न त्यामानानें सोपा. ज्यांच्यावर गुण झाले त्यांनीं मध्यावरून ड्रॉप-किक मारावी, आणि चेंडू निदान दहा मीटर जावा. दोन्ही बाजूंस सातच गडी असतात त्या प्रकारांत मात्र गुण करणारी बाजूच किक मारते; गुण केल्यावर चेंडू समोरच्यांच्या अंगणांत टाकून देण्याची ही रीत एकतर्फी सामन्यांना आळा घालते.

परंतु एक गांठ सुटली नव्हती. चढाई करणारा चेंडू घेऊन रेषेपलीकडे गेला, पण चेंडू व जमीन यांच्यामध्यें बचाव करणाऱ्याचा हात अगर छाती आली, तर काय करावें? वकिलांनीं ठरविलेली झोंबी केव्हांच मागें पडली होती. तिच्या जागीं आलेला नियम चढाई करणाऱ्यांस पांच मीटरांवर स्क्रम देई. अंगाखालीं अंग घालून ट्राय अडविणाऱ्यांच्या पदरीं बक्षीस काय, तर उंबऱ्यावरची तीच रेटारेटी, आणि चेंडू पुन्हां प्रतिपक्षाचाच. त्यामुळें रेषेपाशीं येऊन एकामागून एक दांडगे गडी नुसते डोक्यानें ढुसण्या देत राहत. एक अडला तरी तोटा कांहींच नसे. पाहणाऱ्यांना कंटाळा, आणि अडविणाऱ्यांवर अन्याय.

२०२१ सालीं प्रयोगादाखल, व २०२२ सालीं कायमचा, हा नियम फिरविण्यांत आला. आतां अशा वेळीं बचाव करणारी बाजू आपल्या गोलरेषेवरून ड्रॉप-किक मारते, आणि प्रतिपक्षानें निदान पांच मीटर दूर उभें राहावयाचें असतें. पट्ट्यांत चढाई करणाऱ्याच्या हातून चेंडू पुढें निसटला तरी तीच किक. रग्बीची दुसरी शाखा, १८९५ सालीं पैशाच्या वादावरून फुटून निघालेली लीग, हिच्यांत गोलरेषेवरून किक मारण्याची रीत आधींपासूनच रुळलेली होती. वडील घराण्यानें ती धाकट्याकडून उचलली असें म्हणावयास हरकत नाहीं.

पण या एकाच कलमांत आणखी एक बदल शिरला, आणि तो तितकासा न्याय्य वाटत नाहीं. चढाई करणाऱ्यांनीं किकनें आंत लोटलेला चेंडू बचाव करणाऱ्यानें टेकविला, तर पूर्वीं त्यास बावीस मीटरांवर येतां येई. आतां त्यालाहि गोलरेषेवरूनच किक मारावी लागते. चेंडू आंत आणला प्रतिपक्षानें, आणि जागा गमावली घरधन्यानें! त्यामुळें रेषेजवळ आलेल्या संघाला कांहींच सुचेनासें झालें म्हणजे चेंडू हळूच आंत सरकवून द्यावा, तो टेकविणें प्रतिपक्षाला भाग पाडावें, आणि गोलरेषेवरून आलेली किक झेलून पुन्हां चाल करावी, असा डाव खेळतां येतो. चेंडू सरळ पट्टा ओलांडून मृत रेषेपार गेला तर मात्र बावीस मीटरांवरची जुनी किक मिळते, अगर जेथून चेंडू मारला तेथें स्क्रम मागतां येते. तेव्हां या डावांत किक मारणाऱ्याच्या पायाचा अंदाज चुकून चालत नाहीं. आणि आंत घरंगळत येणारा चेंडू टेकवावा, कीं तो आपोआप मागच्या रेषेपार जाईल म्हणून सोडून द्यावा, हें बचाव करणाऱ्या शेवटच्या गड्याला, समोरून प्रतिपक्ष धांवत येत असतां, क्षणार्धांत ठरवावें लागतें.